चन्नबसम्माचे हलके मुरमुरे

सोनपेठच्या चन्नबसम्माचं प्रेम असं की समोरच्याला वाटावं, आपली उलटतपासणी चालू आहे. नवरा ईश्वरअप्पा, बाजारात कापडाचं दुकान, स्वभावानं गरीब. सहा वर्षांपूर्वी त्याला शुगर निघाली आणि चन्नबसम्मानं कंबर कसली. साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. गूळ गेला, केळी गेली. लग्नाच्या पंगतीत ती त्याच्या ताटावर नजर ठेवून उभी राही.

भूक लागली म्हणाला की मुरमुरे. सकाळी भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन पोह्यांसारखा सुशीला, दुपारी दुकानात डबाभर कोरडे, दिवेलागणीला पुन्हा वाडगाभर. मुरमुरे हलके, गोडाचा त्यात कण नाही, मग पोटभर खाल्ले तर बिघडतं काय? त्याला फुटाणे आवडत. ते जड म्हणून तिनं बंद केले.

तरी शुगर तीनशेच्या खाली येईना. डॉक्टरनं गोळ्या वाढवल्या, काही फरक नाही. म्हणजे हा माणूस चोरून खातो, हे तिनं ठरवूनच टाकलं. त्याचे खिसे तपासले, दुकानासमोरच्या हॉटेलवाल्याला दम दिला. एका सकाळी तो पूजा आटोपून उठत होता, तेव्हा तिनं त्याच्या गळ्यातल्या लिंगाकडे बोट केलं.

"ह्याच्यावर हात ठिवून सांगा. चोरून गोड खायलाव का न्हाई?"

त्यानं हात ठेवला. "न्हाई."

लिंगायताच्या घरात यापुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. चन्नबसम्माचा तरीही विश्वास बसला नाही आणि तो बसला नाही हे ईश्वरअप्पाला दिसलं. त्या दिवसापासून तो घरात कामापुरतंच बोलू लागला.

यंदा त्याला कापडाचे काठ वाकडे दिसायला लागले. मग निळं आणि काळं एकच झालं, समोरचं माणूसही धूसर झालं. परभणीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरलंय, गेलेली नजर परत येणार नाही. शुगर आवरली तर उरलेली कदाचित टिकेल. आणि आहार समजावणाऱ्या राजेश्रीबाईंकडे पाठवलं.

चन्नबसम्मानं छाती काढून सांगितलं, "सगळं बंद केलंय मी. निस्ते मुरमुरे देते. तीन टाइम."

राजेश्रीबाईंचा पेन थांबला. "मावशी, मुरमुरे म्हणजे तांदूळच की. फुलवलेला. पटकन पचतो अन् शुगर लगेच वर जाते. त्यापेक्षा मूठभर फुटाणे परवडले असते."

ती बाहेर आली. सहा वर्षं तिनंच, स्वतःच्या हातानं, रोज तीन वेळा. ईश्वरअप्पा बाकावर बसून होता.

"काय म्हन्ल्या बाई?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण बोलली, "मुरमुऱ्यानं वाढली म्हन्त्यात. मीच वाढिवली."

आता तो शिव्या घालील, घालाव्यात, असं तिला वाटत होतं. पण त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला.

"म्हंजी मी चोरून खात नव्हतो, हे पटलं न तुला आता?"

आपण तिच्याकडेच बघतोय अशा समजुतीनं तो हसत होता. ती मात्र त्याच्या डाव्या हाताला उभी होती आणि तो उजवीकडे बघत होता.