मापाऱ्याचा तळहात

आल्या आल्या भाऊ माझ्या स्क्रीनवरच्या चार्टवर आपला उजवा तळहात ठेवायचे. अख्खा आलेख झाकला जायचा. उरायच्या त्या शेजारच्या ओळी: कोणत्या भावाला किती घेणारे उभे, किती विकणारे उभे, आणि खाली खरोखर झालेल्या सौद्यांचा आकडा. मग म्हणायचे, "बोली नोको पाहू गा, माप पाह्य."

बल्लारपुरात औषधाच्या दुकानावरच्या खोलीत मी शेअर बाजारातले फ्युचर्सचे सौदे करतो. घ्यायचं, दहा-पंधरा मिनिटांत विकून मोकळं व्हायचं, आणि दुपारी साडेतीनला कुलूप. हे भाऊ आरमोरीच्या धानबाजारात हयातभर मापारी होते, विकलेलं धान मापून द्यायचे. म्हातारपणी आमच्या गल्लीत लेकीकडे राहायला आले. टीव्हीवरून नातवंडांशी वाजलं की माझ्याकडे येऊन बसायचे, लेकीकडून आणून ठेवलेल्या आपल्या खुर्चीत.

मला सहा वर्षांत न कळलेला बाजार त्यांना आठवड्यात कळला. ते सांगायचे, एखादा व्यापारी मूठभर धान हातात घेतो, मोठ्याने बोली लावतो, ते पाहून बाकीचे सरसावतात. आणि मापाची वेळ आली की हा गडी चहाला गेलेला असतो. माप मात्र खोटं बोलत नाही. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नसतं, 'लाभ' म्हणायचं. तो 'लाभ' कानावर पडेपर्यंत ते कोणाचंच खरं धरत नसत. माझा सौदा लागला की खुर्चीतून खणखणीत "लाभ" यायचा आणि खालचा औषधवाला दचकायचा.

त्या वर्षी माझं काही खरं नव्हतं. बायकोला शब्द दिला होता की आणखी एक मोठा फटका बसला तर ही खोली सोडीन आणि मेहुण्याच्या सिमेंटच्या दुकानात बसेन. मेहुण्याने माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

अशात एका सकाळी भाव घसरत होता आणि थोडं खाली खरेदीची एक भलीमोठी ऑर्डर येऊन उभी राहिली. एवढा मोठा घेणारा बसलाय म्हणजे भाव याच्या खाली जाणार नाही, असं मला वाटलं. उरलंसुरलं सगळं लावायचं ठरवून मी माउस धरला. भाऊंनी तळहात चार्टवरून काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"अजून माप नाई पडून राह्यलं."

मी चिडलो. भाऊ, संधी जाते आहे, म्हणालो. ते हलले नाहीत. भाव त्या ऑर्डरपाशी पोचला आणि ऑर्डर नाहीशी झाली. तो गडी चहाला गेला होता. भाव धाडकन खाली आला. भाऊंचा हात माझ्या हातावरच होता. बऱ्याच वेळाने, समोर मोठा घेणारा कोणी दिसत नसताना, एकाच भावाला सौद्यांमागून सौदे होऊ लागले. विकणारे ओतत होते, तरी भाव तिथून खाली सरकेना. भाऊंनी हात उचलला. "आता घे." मी घेतलं. खोली वाचली.

त्या आनंदात मी त्यांना म्हणालो, तुम्हीही एक लॉट घ्या, पैसे मी घालतो. ते हसले. "मापाऱ्यानं आपलं धान आणलं का हात जड होते, बाबू."

गेल्या थंडीत ते गेले. लेक त्यांची खुर्ची न्यायला आली होती, मी दिली नाही.

माझं आता बरं चाललंय. मोठ्या ऑर्डरीला मी फसत नाही. आधी चार्टवर तळहात ठेवतो आणि माप पडण्याची वाट बघतो. तरी एखाद्या सकाळी मोह होतोच, कारण धान माझं असतं. मग मी माउसवरचा हात उचलून त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवतो आणि माप पडेपर्यंत तिथेच राहू देतो.

सौदा लागला की 'लाभ' मलाच म्हणावं लागतं. औषधवाला आता दचकत नाही.