पूजेच्या दिवशी गाडीला विश्रांती

माझ्या गाडीत आता मोठी बॅटरी आहे. मूळच्या ट्रेमध्ये ती मावत नव्हती, म्हणून ट्रे कापून, नवी पट्टी जोडून ती बसवून घेतली. इंजिन बंद ठेवून दोन तास गाणी लावली तरी दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होईल, असं फिटर छातीठोकपणे सांगतो. मी कधी करून बघितलं नाही. ही बॅटरी आल्यापासून त्या गाडीत एकही गाणं वाजलेलं नाही.

गाण्यांचं वेड माझं जुनं. पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरूला आलो, मारतहळ्ळीत फ्लॅट घेतला आणि रोज रिंग रोडवर दीड-दीड तास ब्रेकवर पाय ठेवून बसायला लागलो. घरापेक्षा गाडीतच जास्त राहतोय म्हटल्यावर तिथे बरं ऐकू येईल अशी सोय हवी की नको? कंपनीचे स्पीकर डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटायचे. मग नवे स्पीकर आले, ॲम्प्लिफायर आला आणि डिकीत एक भलामोठा वूफर बसला. बायको म्हणाली, "आता भाजीच्या पिशव्या कुठे ठेवायच्या?" मी म्हटलं, "मांडीवर."

फिटर माणूस सरळ होता. सगळं जोडून झाल्यावर त्याने बॉनेट उघडलं आणि बॅटरीवर बोटाने टकटक केलं. "सर, ये छोटी है. इतना लोड नहीं लेगी. बडी डालनी पडेगी, ट्रे भी काटना पडेगा. अगले हफ्ते आओ. तब तक इंजन बंद करके गाना मत बजाना." मी समजूतदारपणे मान डोलावली. आयुधपूजा दोन दिवसांवर होती आणि आमच्या सोसायटीला माझा वूफर ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

आमच्या खालीच, तळमजल्यावर अक्का राहतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच, बोलणं मराठी पण त्यात निम्मं कानडी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरी बसून ब्लाउज शिवतात, आणि त्यांच्या मशीनचा आवाज दिवसभर आमच्या फरशीतून येत असतो. मला त्या तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी डबा घेऊन वर आल्या आणि तेव्हापासून मी त्यांचा तम्मा. त्यांचा सख्खा थोरला भाऊ, अण्णा, शहराबाहेर होसकोट्याला असायचा. तेव्हा तो दोन महिने अंथरुणाला खिळून होता.

आयुधपूजेला इथे सगळी हत्यारं-अवजारं पुसून पुजतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. अक्का सकाळीच मशीनचा पट्टा उतरवायच्या, हळदकुंकू लावायच्या आणि वर एक शेवंतीची माळ घालायच्या. वर्षातून एवढा एकच दिवस आमची फरशी गप्प असायची. त्या वर्षी माझ्या गाडीची पूजाही त्यांनीच केली. पुढे केळीचे खुंट बांधले, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा मला फोडायला लावला. चाकं लिंबांवरून गेली तशी त्या म्हणाल्या, "आता उद्यापर्यंत हिला हलवायचं नाही. पाय दुखत असतील की तिचे."

मी हलवली नाही. चारही दारं उघडली आणि गाणी लावली. दुपारचे तीन वाजले असतील. पार्किंगमध्ये पोरं जमली, मग त्यांचे आईबाप जमले. चौथ्या मजल्यावरचा शेजारी तर एरवी कधी हसतानाही न दिसणारा माणूस, तोही कंबर हलवायला लागला. जो तो येऊन वूफरवर हात ठेवून बघत होता. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

सहाच्या सुमाराला अक्का फोन हातात घेऊनच बाहेर आल्या. होसकोट्याहून भाच्याचा फोन होता. अण्णा सारखं "तिला आणा" म्हणतायत, असं तो सांगत होता. मी म्हटलं, "चला, आत्ता निघू." हे मी खरंच म्हटलं होतं, आणि या सगळ्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे. अक्का गाडीकडे बघत राहिल्या. "नको रे तम्मा. पूजा झालीय की. आज तिला स्वल्प राहू दे. सकाळी पाचला निघू, सरी?"

"सरी," मीही त्यांच्याच कानडीत बरं म्हटलं. त्या घरात गेल्या आणि मी परत गाणी लावली.

साताच्या आसपास डेकचे आकडे मिणमिणायला लागले. वूफरचा ठोका अडखळला. मला त्याचा अर्थ कळत नव्हता, असं मी स्वतःलासुद्धा सांगू शकत नाही. मी आवाज थोडा कमी केला, बस्स. वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं असतं तरी निभावलं असतं. पण पूजेनंतर चावी फिरवली तर अक्कांना काय वाटेल, असा विचार मी केला. चावी फिरवली की पूजा मोडते आणि चार तास धडाधडा गाणी वाजवली की गाडीला विश्रांती, असा सोयीचा हिशेब मी लावला होता. शेवटी डेक आपणहून बंद पडला. लोक पांगले.

पहाटे पाचला अक्का नवी साडी नेसून, भावासाठी कसलासा डबा घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. मी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे धक्का मारूनही उपयोग नव्हता. टॅक्सीचं ॲप नुसतं गोल फिरत होतं. सणाचा थकवा काढत सगळे ड्रायव्हर झोपले होते. कोपऱ्यावर दोन रिक्षा होत्या, पण दोघांनीही होसकोटे म्हटल्यावर मान फिरवली. चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे गाडी होती आणि एका बॅटरीवरून दुसरीला जोडायची केबलही होती. पण त्याला उठवलं तर तो पहिल्यांदा काय म्हणेल ते मला माहीत होतं: काल एवढं वाजवलंस, दुसरं काय होणार? आणि ते अक्कांच्या समोर म्हणेल. म्हणून मी बॉनेट उघडून अर्धा तास उगाच वायरी हलवत बसलो. अक्का आत डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. "घाई करू नको तम्मा," एकदा त्या म्हणाल्या.

अखेर त्याला उठवलं. तो भला माणूस काही न बोलता केबल घेऊन आला. आम्ही निघालो तेव्हा सव्वासहा वाजले होते. रस्ते मोकळे होते, जागोजागी फुटलेले कोहळे पडले होते. होसकोट्याला पोहोचलो तर दारात चपलांचा ढीग होता. भाचा म्हणाला, चाळीस मिनिटं झाली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते.

सव्वा तास माझ्यामुळे गेला होता. वजाबाकी करायला फार हुशारी लागत नाही.

परत येताना अक्का म्हणाल्या, "मीच थांबवलं रे गाडीला. तू निघू म्हणत होतास." मी म्हटलं, "तुमचा काही दोष नाही अक्का. बॅटरी जुनी झाली होती." पहिलं वाक्य खरं होतं, दुसरं खोटं. पहिल्याच्या आडून मी दुसरं खपवलं. पुढच्या आठवड्यात जाऊन मोठी बॅटरी बसवली, जणू तेवढ्याने काही भरून येणार होतं.

वर्षभर मी गप्प राहिलो. त्यांनी दिलेला डबा खाली परत करताना रोज वाटायचं, आज सांगू. मग त्या विचारायच्या, "गाडी त्रास देत नाही की आता?" आणि मी "नाही" म्हणून वर यायचो. बायकोला सगळं माहीत होतं. ती नंतर नंतर माझ्याकडे बघेनाशी झाली.

यंदा आयुधपूजेच्या सकाळी आम्ही चहा पीत होतो आणि फरशीतून मशीनचा आवाज आला. मला वाटलं भास झाला. बायकोने कप खाली ठेवला. "अक्का म्हणत होत्या, यापुढे कशालाच विश्रांती द्यायची नाही. एकदा दिली ती पुरे झाली." मग म्हणाली, "तू जातोस का मी जाऊ?"

मी गेलो. अक्का शिवत होत्या. मशीनला हळद नव्हती, कुंकू नव्हतं, माळ नव्हती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. फिटर काय म्हणाला होता ते, तीन वाजल्यापासूनची गाणी, मिणमिणणारे आकडे, अर्धा तास खोटंच बघितलेलं बॉनेट. मध्येच कधीतरी त्यांचा पाय थांबला.

मग वाकून त्यांनी मशीनचा पट्टा उतरवला. आत जाऊन कुंकवाचा करंडा आणला, मशीनला बोट लावलं, हात जोडले.

"एक वर्ष लागलं तुला," त्या म्हणाल्या. तम्मा म्हणाल्या नाहीत.

मी वर आलो. दिवसभर फरशी गप्प होती.