टाकीतला जीवखडा

वडील गेल्यानंतर आमच्या घरातले मासे एकेक करून नाहीसे होऊ लागले, आणि शेवटी संशय वडिलांवरच आला.

संशयाला कारण होतं. (मेलेल्या माणसावर उगाच आळ घेणारं आमचं घर नव्हे.) गिरणीच्या संपाच्या दिवसांत बाबांच्या हातांना काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी लोखंडी पट्ट्या आणि काचा जमवून आमच्या चिंचपोकळीच्या खोलीत एक टाकी बांधली. गोड्या पाण्यातले रंगीत मासे कोणीही पाळतो. मालवणच्या माणसाने समुद्रातलेच पाळावेत, असं त्यांचं म्हणणं. प्रभादेवीच्या किनाऱ्यावरून डबे भरून खारं पाणी आणायचं, खडकांतल्या डबक्यांत सापडलेले बोटाएवढे मासे त्यात सोडायचे आणि साच्यासमोर, म्हणजे गिरणीतल्या मागासमोर, उभं राहावं तसं टाकीसमोर उभं राहायचं. पुढे गिरणी सुरू झाली, पण त्यांना परत घेतलं नाही. साचा गेला, टाकी राहिली.

शेजारी विचारत, "खावचे कधी?"

"ह्येंका नावां आसत," बाबा म्हणत. "नाव ठेवला त्येका खातत नाय."

त्यांचं दहावं किनाऱ्यावरच झालं. कावळा लगेच शिवला. भटजींनी माझ्या हातात जीवखडा दिला, म्हणजे स्मशानात मडकं फोडलेला तो दगड. दहा दिवस गेलेला माणूस त्यातच असतो, असं आपण मानतो. पाण्यात सोडायचा आणि मागे न बघता परतायचं. मी गुडघाभर पाण्यात गेलो, दगड सोडला, आणि मला ते सोसेना. वाकून चाचपडलो, दगड पुन्हा उचलला आणि रुमालात बांधून घरी आणला.

मला वाटलं, आई ओरडेल. तिने रुमालाची गाठ सोडली.

"खारा पाणी हयपण आसा," ती म्हणाली आणि तिनेच तो टाकीत ठेवला.

दगडाला एका बाजूने खोल खळगा होता. मडकं फोडताना टवका उडाला असेल, असं मी स्वतःला समजावलं. (मी ग्रंथालयात नोकरी करतो. हवं ते कारण शोधून देणं हा माझा धंदाच आहे.) बाबांना संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवायची मला सवय होती, ती मी टाकीसमोर बसून चालू ठेवली.

थोड्याच दिवसांत पहिला मासा गेला. मेला नाही, मेलेला मासा तरंगतो. हा नुसता गेला. टाकीवर लाकडी झाकण, झाकणावर पाटा. मांजराने पाटा उतरवला, मासा खाल्ला आणि पाटा पुन्हा जागेवर ठेवला, असं मानायला चाळ तयार होती. मी नव्हतो.

मग दुसरा गेला. तिसरा. ना खवला, ना काटा. पाणी स्वच्छ. उरलेले मासे दगडासमोरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून उभे राहत. एकही दगडाकडे पाठ करत नसे. आणि टाकीतून मधूनच आवाज येई. टक. टक. बाबा विचारात असले की त्याच काचेवर बोटाचं पेर आपटत. आवाज आला की आई हातातलं काम खाली ठेवी आणि बाबांनीच हाक मारल्यासारखी हळूच म्हणे, "इलंय, इलंय."

शेजारचे दाजीकाका गिरणीत बाबांच्याच खात्यातले, त्यांना बाबल्या म्हणणारे. ते रोज येऊन टाकीकडे टक लावून बसत, म्हणून शेवटी आईने विचारलंच, "भावोजी, रागावू नकात. पण मासे तुमी तर..."

दाजीकाका दुखावले. "वयनी, एवढोसो मासो? माझ्या एका दातातपण रवाचो नाय." मग त्यांची नजर दगडावर गेली. "ह्यो दगड कसलो?"

आईने सांगितलं. दाजीकाका उठले आणि दाराजवळ जाऊन बसले.

"बाबल्याक मासो कितको आवडायचो, वयनी?"

"जीव टाकीत."

"मग झाला. दगड उपाशी आसा."

त्या दिवसापासून आई दगडासमोर चिमूटभर ताजा जवळा ठेवू लागली. जवळा जाई, आणि मासेही जात. आई म्हणाली, भूक वाढली. मी ग्रंथालयातून समुद्रावरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि पाण्यातलं मीठ वाढल्याने अशक्त मासे विरघळत असावेत, असा निष्कर्ष काढला. कोणी हसलं नाही. ती माझी थट्टा करण्याची वेळ नव्हती.

अखेर एकच उरला: मुकादम. काळ्या पट्ट्यांचा, छाती काढून फिरणारा, बाबांचा सगळ्यात लाडका.

"मुकादमाक ते खावचे नाय," आई म्हणाली. मग म्हणाली, "आणि खाल्ल्यानी, तर ते आपले रवले नाय."

म्हणून रविवारी सकाळी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. दाजीकाकांनी टोपी घातली, हातात नारळ घेतला. मी झाकण काढलं. आईने जवळा ठेवला.

"बा देवा म्हाराजा," दाजीकाकांनी सूर लावला, "ह्या लेकरान तुका जावक न देता घरात बांधून ठेवल्यान, ती चूक पदरात घे."

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"काय व्हया ता माग, पण मुकादमाक हात लावू नको."

"होय म्हाराजा."

"आणि आयकलं असशीत, तर आमका ओ दी."

टक.

खळग्यातून एक हात बाहेर आला. काळसर हिरवा, दोन बोटांचा. त्याने जवळा शांतपणे उचलला आणि आत नेला. नारळ दाजीकाकांच्या हातातून निसटून खाटेखाली घरंगळला. मी हातातलं झाकण ढालीसारखं छातीशी धरलं.

आई मात्र पुढे वाकली. तिने आयुष्यभर असले हात सोलले होते.

"ह्यो हात ह्येंचो न्हय," ती म्हणाली. "ही कुर्ली."

खेकड्याचं बिऱ्हाड असलेला दगड स्मशानातून आलेला नसतो, हे मला जाडजूड पुस्तक न उघडता कळलं. मी लाटेत चाचपडून भलताच उचलला होता. आणि रोज संध्याकाळी एका खेकड्याला अग्रलेख वाचून दाखवत होतो.

"म्हणजे हे कवाच गेले?" आईने विचारलं.

"दहाव्यालाच."

तिचा पदर डोळ्यांकडे गेला, तो तिथेच राहिला. "वेळेवर गेले," ती म्हणाली. "गिरणीतपण कधी लेट नाय गेले."

दाजीकाकांच्या अंगात जीव आला होता. "वयनी, बरी भरलेली दिसता. जरा तिखट वाटाप लावलास तर..."

"भावोजी, दोन म्हयने मी हिका 'अहो' म्हटलंय."

दाजीकाकांनी टोपी काढली. विषय संपला.

संध्याकाळी मी दगड खेकड्यासकट प्रभादेवीला नेला. निघताना आई म्हणाली, "ह्या टायमाक रिकाम्या हातान ये." मी दगड सोडला आणि मागे बघितलं नाही. परत आलो तर आई दारातच उभी. तिने माझे दोन्ही खिसे उलटे केले. एक शिंपला निघाला. कधी उचलला, मला खरंच आठवत नाही.

टाकीत ठेवण्याआधी तो तिने चांगला उकळून घेतला.