शालोमकाकांच्या गळ्यातली टेप

शालोमकाकांच्या गळ्यात मापाची टेप नसे ती फक्त शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ. दादरला हिंदमाताजवळ त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. मी तिथल्या साड्यांना फॉल लावायचे, आणि डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतच ते राहायचे. लग्न केलं नाही. धाकटे भाऊ एझ्राकाका सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या ज्यू प्रार्थनामंदिरात, प्रार्थना सांगायचे. एझ्राकाकांचा संसारही शालोमकाकांच्या दुकानावरच चाले. "तो वरचं बघतो, मी खालचं," काका म्हणायचे. असं म्हणताना खालमानेने शिवण उसवत असायचे.

शुक्रवारी ऊन उतरलं की मशीन बंद. एकदा एका नवरीची आई ब्लाउज आजच हवा म्हणून हटूनच बसली. काका शांतपणे म्हणाले, "बाई, उद्या तारे दिसले की बसतो. परवा सकाळी ब्लाउज तुमच्या घरी."

त्याच गडबडीत टेप काढायची राहिली. काका तशीच घेऊन सिनेगॉगमध्ये गेले आणि प्रार्थना अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. शब्बाथ, शनिवारी तारे दिसेपर्यंतचा विसाव्याचा दिवस, लागलेला; कामाच्या वस्तूला हात कसा लावायचा? मग ती गळ्यातच राहिली. जेवताना, झोपताना, शनिवारी दिवसभरसुद्धा. एझ्राकाका हसून हसून बेजार. "अरे, काढ ती. देव रागावत नाही."

"चूक माझी आहे. राहू दे तिथेच," काका म्हणाले. चेहरा मात्र एवढासा झाला होता. "देवासमोर दुकान घेऊन गेलो रे."

हे त्यांना खरंच लागलं होतं. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी पेज घेऊन गेले होते. भावाला म्हणाले, "एझ्रा, तू जन्मभर देवाचं केलंस. मी नुसत्या बाह्या जोडल्या. तिथे विचारलं तर काय सांगू?"

एझ्राकाकांनी त्यांचा हात धरला. "सांग, एझ्राच्या प्रार्थनेत अर्धा वाटा माझा. चूल तू पेटती ठेवलीस म्हणून मी उभा राहू शकलो." त्या दिवशी काकांनी पेज सगळी संपवली. आठवड्याभरात ते गेले. मला आजही त्यांची फार आठवण येते.

सुतकाचे सात दिवस संपल्यावर एझ्राकाकांनी दुकान उघडलं. शिवायला कारागीर ठेवलाय. मापं ते स्वतः घेतात, आणि गिऱ्हाइकांची बोलणीही तेच खातात. परवा शुक्रवारी ऊन उतरल्यावर त्यांनी गळ्यातली टेप काढली, भावासारखीच घडी घालून खणात ठेवली. चौकटीवरच्या मेझुझाला, देववचनाच्या त्या डबीला, बोटं लावली, ओठांना टेकवली आणि तिथेच थांबले.

"इतकी वर्षं मला वाटायचं गं," ते म्हणाले, "अवघड काम माझ्याकडे आहे."