वाचून दाखवायची राहिलेली गोष्ट

नियम मीच केला होता आणि मोडलाही मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला माझा कळवळा यायला नको.

सिंगापूरच्या ऑफिसात बसून मी आफ्रिकेतल्या एका कार्यक्रमाच्या प्रसिद्धीचं काम बघते. युगांडात शेजारच्या देशांतून जीव वाचवून आलेल्या लोकांच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. तिथल्या तरुण मुलामुलींना एखादं काम शिकवायचं, आसपासच्या गावांतल्या मुलांबरोबर मिसळू द्यायचं, आपल्या पायावर उभं राहायला हात द्यायचा, असा तो कार्यक्रम. त्यांच्या गोष्टी लिहिणं माझ्याकडे. देणगीदार इकडे, गोष्टी तिकडे आणि मधे मी.

नियम असा होता की कुणाचीही गोष्ट छापण्याआधी ती त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची. ओळ न् ओळ. तिथला आमचा सहकारी समोर बसून वाचायचा, आणि ज्याची गोष्ट तो म्हणेल ते वाक्य काढून टाकायचं. का, म्हणून विचारायचं नाही. सुरुवातीला ऑफिसात सगळ्यांनी नाकं मुरडली, फार वेळ जातो म्हणाले. मी कडाकडा भांडले. भांडायला मला कधी मुहूर्त लागत नाही. शेवटी छपाईच्या यादीत एक नवा चौकोन आला, ‘वाचून दाखवलं’. त्यात खूण केल्याशिवाय काहीही छापायला जायचं नाही.

त्या वर्षी सप्टेंबरात पुण्याला माझे बाबा गेले. दुपारी भावाचा फोन आला. तो रडत होता तरी भानावर होता. म्हणाला, “तू येऊ नकोस. पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. तू आलीस की तिला कळणारच.”

इथं सहावीला पीएसएलई असते आणि तिच्या मार्कांवर पुढची शाळा ठरते, त्यामुळे सहावीतल्या पोरांच्या घरात वर्षभर कुणी धड हसत नाही. त्यात माझी लेक म्हणजे आजोबांचं शेपूट. दर रविवारी ते फोनवरून तिला तोंडी हिशेब घालायचे, आणि ती मुद्दाम चुकायची, म्हणजे ते चिडतील. नवरा म्हणाला, “पेपर होऊ देत, मग सांगू.” मी हो म्हणाले. आमच्या घराण्यात हे असंच चालत आलंय. माझ्या बारावीच्या वेळी आत्या गेली होती, आणि मला शेवटच्या पेपरानंतर कळलं.

मी गेले नाही. आमच्या इमारतीखाली तळमजल्यावर जी मोकळी जागा असते, त्या व्हॉइड डेकमधल्या दगडी टेबलाशी बसून मोबाइलवर बाबांना शेवटचं पाहिलं. पलीकडच्या टेबलावर दोन म्हातारे पट मांडून खेळत होते. मग नळावर तोंड धुतलं, वर गेले आणि लेकीला गणिताचा सराव पेपर सोडवायला बसवलं.

रविवारी तिनं विचारलंच, “आजोबांचा फोन का नाही आला?”

“बिघडलाय गं. दुरुस्तीला दिलाय.”

“मामाला सांग, नवीन घेऊन दे लाह,” ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं.

गंमत बघा, त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर जी गोष्ट होती ती फोन दुरुस्त करणाऱ्या मुलीचीच होती. वीस-बावीस वर्षांची. काँगोतून धाकट्या बहिणीला घेऊन आलेली. आमच्याकडे काम शिकून तिनं वसाहतीच्या बाजारात छोटंसं दुकान टाकलं होतं. महिन्याभरापूर्वी व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलले होते. इंग्रजी मोडकं, पण बोलण्यात भीडभाड नाही. “मॅडम, तुमच्या फोनचा आवाज खरखरतोय, माझ्याकडे घेऊन या,” म्हणाली. मग बोलता बोलता आईचं निघालं. पळताना आई मागं राहिली होती. यंदा गावाकडून आलेल्या एका माणसानं सांगितलं की ती वारली. हे तिनं सरळ सांगितलं आणि पुन्हा दुकानाकडे वळली. हे लिहू नका, असं काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

पहिल्या मसुद्यात आई शेवटाकडे एका ओळीत होती. बाबांना जाऊन चार दिवस झाले होते तेव्हा मी तो मसुदा उघडला आणि आईला वर आणलं, अगदी पहिल्या वाक्यात. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. लिहिताना रडले, आणि आपल्याला रडू आलं म्हणजे आपण चांगलं लिहिलंय, अशी समजूत करून घेतली. लेखणी माझी, दुःख माझं, आणि आई तिची.

या सगळ्या गोष्टींची पुस्तिका शुक्रवारी छापायला जायची होती. बाकीच्या गोष्टी वाचून दाखवून झाल्या होत्या, एवढी एकच उरली होती. तिथला सहकारी दुसऱ्या वसाहतीत गेला होता, सोमवारी परतणार होता. ऑफिसात तारीख पुढं ढकला म्हटलं असतं तर का, कशाला, असं झालं असतं, आणि त्या आठवड्यात कुणी मायेनं ‘काय झालं?’ विचारलं असतं तरी मी कोसळले असते. तिनंच तर सगळं सांगितलंय, काढून काढून काय काढणार आहे, असं म्हणून मी चौकोनात खूण केली.

परीक्षेचा एक पेपर उरला होता त्या मंगळवारी दुपारी दोनला त्या दुकानवाल्या मुलीचाच फोन आला. तिथं सकाळचे नऊ वाजले होते. दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याच्या फोनवर तिनं आमची पुस्तिका पाहिली होती.

“मॅडम, हे मला वाचून नाही दाखवलं,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “माझ्या मैत्रिणीची गोष्ट तुम्ही वाचून दाखवली होती, तिनं दोन ओळी काढून घेतल्या. म्हणून तर मी तुमच्याशी सगळं बोलले. आई गेल्याचं माझ्या बहिणीला माहीत नाही. तिला वाटतं आई वाटेत आहे. ती सातवीत आहे, पुढच्या महिन्यात तिची मोठी परीक्षा आहे. परीक्षा झाली की मी सांगणार होते. तिला इंग्रजी छान वाचता येतं, मॅडम. काहीतरी करा.”

दहा मिनिटांत वेबसाइटवरून पुस्तिका काढायला लावली. तिथल्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, छापील गठ्ठे कालच, सोमवारी, वसाहतीतल्या शाळांना वाटलेत. बहिणीची शाळा तासाभराच्या वाटेवर होती. तो तसाच मोटरसायकल काढून निघाला. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी राहिले. पाणी प्यायला गेले होते, पण ग्लास भरायचंही सुचलं नाही. देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगायची लाज वाटते. एका अकरा-बारा वर्षांच्या पोरीनं आज कुठलंही पुस्तक उघडू नये, एवढंच मागत होते. आणि घरी माझ्या पोरीला मी पुस्तक मिटू देत नव्हते.

साडेचारला त्याचा फोन आला.

उशीर झाला होता. बाईंनी पहिल्याच तासाला पुस्तिका वर्गात आणली होती. त्यांना कौतुक वाटलं होतं. “ही तुझी ताई ना? मग तूच वाचून दाखव,” असं म्हणून त्यांनी त्या पोरीला फळ्यापाशी उभं केलं. पहिलंच वाक्य आईचं होतं. तिनं ते खणखणीत आवाजात वाचलं, आणि काय वाचलं ते कळायच्या आत दुसरंही वाचलं. मग थांबली. बाई घाबरून गेल्या, त्यांचा काय दोष.

संध्याकाळी मी तिच्या मोठ्या बहिणीला, त्या दुकानवालीला, फोन लावला. उचलणार नाही असं वाटलं होतं, पण तिनं उचलला. मी म्हटलं, चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही, मला माफ कर. बाबांचं जिभेवर आलं होतं. गिळून टाकलं. तिच्या दुःखापुढं माझी सबब कशाला?

“ऐकलं,” ती म्हणाली. “मी ठरवलं होतं, मॅडम. परीक्षा झाली की आधी तिला पोटभर जेवायला घालायचं आणि मग सांगायचं. आज ती शाळेतून उपाशीच पळत आली.”

फोन तिनंच ठेवला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. तिची गोष्ट तिच्या सांगण्यावरून आम्ही सगळीकडून काढून टाकली. चौकोनातली खूण खोटी होती, हे मी साहेबांना स्वतः लिहून दिलं. ते काही फार बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी घरी जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मनात आलं, लेकीला आजच सांगून टाकावं. आपल्याला दिवस निवडायचा हक्क राहिलेला नाही. आमचं सेंगकांग स्टेशन येईपर्यंत हेच घोकत होते. मग स्वतःलाच झापलं, अगं बये, शिक्षा तुला, आणि भोगायची पोरीनं? घरी गेले, तिच्या पेन्सिलींना टोकं केली, पाण्याची बाटली भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी रजा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. ती उड्या मारत बाहेर आली. आम्ही जवळच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गेलो. तिनं दोन प्राटे, म्हणजे इथले पराठे, खाल्ले, माझ्या ताटातला अर्धा उचलला, वर थंडगार मायलो प्यायली. हे मी पंधरा दिवसांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. मग घरी आलो, आणि तिला जवळ बसवून मी सांगितलं.

“म्हणजे फोन बिघडला नव्हता?” तिनं विचारलं. नाही म्हणाले. मग तिनं मला ढकललं, माझ्याशी खोटं का बोललीस म्हणून ओरडली, आणि रडत रडत परत माझ्याच मांडीवर येऊन पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आधी ती पोटभर जेवली होती. सगळं अगदी मी ठरवलं होतं तसंच झालं होतं.