जास्वंदीपाशी लावलेली तार

माझ्या पत्नीच्या उजव्या हाताची दोन बोटे वाकत नाहीत, आणि त्याचा सगळा दोष मी अनेक वर्षे शेजाऱ्यांच्या माथी राहू दिला.

तारनाका भागातल्या आमच्या गल्लीत एका उन्हाळ्यात घरफोडी झाली आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर बैठक भरली. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे नांदेडकडच्या शेतकरी घरातले, माझ्याहून वयाने मोठे. मी कायद्याची पदवी घेऊन विम्याच्या कचेरीत नोकरी करत होतो. वकिली कधीच केली नाही. तरी गल्ली मला ‘वकीलसाब’ म्हणे, आणि ती चूक मी दुरुस्त केली नव्हती.

“वकीलसाब,” शेजाऱ्यांनी विचारले, “रात्री चोर घुसला अन् आपल्या हातून मेला, तर फाशी आपल्यालाच काय?”

“रात्रीच्या घरफोडीत प्राण घेण्यापर्यंतचा अधिकार कायदा देतो,” मी म्हणालो.

गच्ची शांत झाली. माझ्या बोलण्याने माणसे गप्प होण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. पुढचे मला येत होते: गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, पोलिसांना बोलावण्याइतका वेळ असेल तर हा अधिकार उरत नाही. ते सांगितले असते तर शांतता मोडली असती. मी चहा घेतला.

“मग गावाकडं रानडुकरासाठी सोडतो तशी करंटची तार भिंतीवर सोडली तर?”

तार समोर कोण आहे ते पाहत नाही, आणि अशी तार लावणे हाच गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. “तत्त्वतः...” एवढेच म्हणून मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली, ते मला अजून नीट आठवते.

त्यांच्या भिंतीवर जास्वंद होती. दुसऱ्याच्या कुंपणावरची फुले पूजेसाठी तोडणे आमच्याकडे चोरीत धरत नाहीत. “विचारून घेतली तर पुण्य त्यांना, न विचारता घेतली तर आपल्याला,” असे पत्नीचे म्हणणे. ती उजाडण्यापूर्वी जाई. तार उजाडल्यावर बंद होणार होती. तार बसवताना मी पाहिली होती, पण पत्नीला सांगितले नाही; सांगितले असते तर “हे कायद्यात बसतं का?” असे तिने विचारले असते.

पहिल्याच पहाटे फुले तोडताना तारेला हात लागून पत्नी भिंतीपासून दूर फेकली गेली. हात भाजला, जीव वाचला. पोलिसांत जायला तिनेच नकार दिला. “काय सांगू? फुलं चोरत होते म्हणून?”

शेजाऱ्यांनी त्याच सकाळी तार काढली आणि हात जोडून आले. “ताई, डुकरांसाठीची अक्कल माणसांत चालवली मी.” मला विचारून लावली, हे ते बोलले नाहीत. मी म्हणालो, “जाऊ द्या, माणसाच्या हातून होते.” गल्लीत मोठ्या मनाचा म्हणून माझे नाव झाले.

तेव्हापासून ते रोज सकाळी स्टीलच्या ताटलीत फुले आणून देत. देवाला पूर्वीपेक्षा अधिक फुले मिळू लागली. पुण्याचा विषय पत्नीने पुन्हा काढला नाही.

गेल्या महिन्यात घर विकून ते मुलीकडे राहायला निघाले. निरोप घ्यायला आले ते जास्वंदीचे रोप लावलेली कुंडी घेऊन. पत्नीने ती डाव्या हाताने घेतली.

“ताई, पाणी घालत जा. माझा गुन्हा काही जात नाही, फुलं तरी येतील.”

“हौ भाऊ, पण आता पुरे करा ना. किती वर्षं तेच ते!”

“पुरे कसं करू? वकीलसाबांनी माफ केलं, म्हणून तर ह्या गल्लीत तोंड वर करून राहिलो.”

मी उठून उभा राहिलो. इतक्या वर्षांत कबुलीचे वाक्य मनात पुष्कळदा घडवले होते. तोंडातून निघाले ते वेगळेच.

“भाऊ, माफ करायला मी कोण? तुम्ही विचारलेत तेव्हा मी अर्धाच कायदा सांगितला. तार लावू नका, हे मला म्हणता येत होते, आणि मी मान डोलावली.” मग पत्नीकडे वळलो. “तार लावलेली मला माहीत होती. तुला सांगितले नाही. मी चुकलो. तुम्ही दोघेही मला क्षमा करा.”