दोर धरलेले हात

माझ्यावर खुनाचा खटला उभा राहिला तेव्हा मी सगळ्यांत आधी जोतिबावर रागावलो. संकटात माणसाला देव आठवतो म्हणतात. मलाही आठवला, पण तो त्याला बोल लावायला. जे घडलं ते त्याच्याच डोंगरावर, चैत्री यात्रेत, मी त्याच्याच सासनकाठीचा दोर धरून उभा असताना घडलं होतं. घरी पडून राहिलो असतो तर पोलीस माझ्या दारात आले नसते. सेवेचं हेच फळ असेल तर सेवा हवी कशाला, असं मी कोठडीत भिंतीकडे तोंड करून कितीतरी दिवस म्हणत होतो.

आमचं गाव पेठ वडगावजवळ. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे बंद पडलेले माग दुरुस्त करून चालू करायचे. काम चोख, पण डोकं तापट. गावाची सासनकाठी म्हणजे घरापेक्षा उंच, सजवलेला बांबूचा कळक. एक जण तो अंगावर तोलून नाचवतो आणि चार बाजूंनी चौघे दोर ताणून धरतात, म्हणून तो उभा राहतो. पुढच्या दोराचा मान आमच्या घराकडे होता. त्या वर्षी राऊ नावाच्या गावकऱ्यानं तो मागितला. चावडीत शब्दानं शब्द वाढला आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "डोंगरावर ये, तितं बगतो तुला." रागाचं बोलणं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते विसरलोही, पण गाव विसरलं नाही.

यात्रेच्या दिवशी देवळाच्या आवारात इतका गुलाल उडत होता की सख्खा भाऊ ओळखू येईना. अचानक मागच्या बाजूला कुठंतरी हाणामारी जुंपली आणि गर्दीचा लोंढा आमच्या अंगावर आला. नाचवणाऱ्याचा तोल गेला, बाकीचे दोरवाले रेटले गेले आणि काठी कलली. माझ्या तळहातांतून दोर सरसरत गेला, कातडं सोलून निघालं. मी दोरासकट खाली बसलो, पण सोडला नाही. समोर काठीच्या खाली एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. काठी पुन्हा उभी राहिली तेव्हा ती माझ्याकडे धावली, पदर फाडून तिनं माझे हात बांधले, काहीतरी बोललीही. ढोलांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. तेवढ्यात मागून ओरडा झाला, माणूस पडला म्हणून. तो राऊ होता. मागच्या हाणामारीत कुणीतरी त्याच्या डोक्यात लाठी घातली होती. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

त्याच्या घरच्या दोघांनी मारणारा म्हणून माझं नाव सांगितलं. माझ्या हातांच्या जखमा त्या लाठीच्या झटापटीत झाल्या, असं ठरलं. चावडीतलं माझं बोलणं साऱ्या गावानं ऐकलं होतंच. बाकीचे दोरवाले माझेच भाऊबंद; लोंढ्यात मी कुठं होतो हे त्यांनाही धड सांगता येईना, आणि सांगितलं असतं तरी कोर्टात त्याला किती किंमत? जन्मठेपेची गोष्ट होती. घरी बायको आणि दोन लहान मुली होत्या.

थोरल्या भावानं धावपळ करून कोल्हापुरातला नावाजलेला वकील गाठला. त्यांनी कागद चाळले आणि उपाय सांगितला. मी डोंगरावर गेलोच नव्हतो, इचलकरंजीत पाळीवर होतो, असं म्हणायचं. मालक तशी साक्ष द्यायला तयार होते. गुलालात कुणी कुणाला ओळखलं, हा प्रश्न ते पुढं बघून घेणार होते. युक्ती बिनतोड होती. मी मान हलवायच्या बेतातच होतो. पण ज्या देवावर मी रोज चिडत होतो, त्याच्या दारात मी नव्हतोच असं म्हणायची वेळ आली, तेव्हा मला कळलं की माझ्याजवळ त्या दोराशिवाय दुसरं काही उरलेलं नाही. मी नाही म्हणालो. भाऊ गजांपलीकडून ओरडला, "येडा हाईस काय? खरं बोलतोस व्हय? मग देव काय साक्षीला येणार हाय काय तुझ्या?" त्या वकिलांनी खटला सोडला, आणि त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

मग शिवाजी पेठेतले मुजावर वकील आले. उंच, कमी बोलणारे. त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी त्या बाईचा विषय दोन शब्दांत उरकला, तिथं त्यांनी मला थांबवलं. तिचं नाव, गाव? मला काहीच माहीत नव्हतं, चेहराही आठवत नव्हता. लाखांच्या यात्रेत एक बाई! ते म्हणाले, "पावणं, माझे वडील दर्ग्यात दिवाबत्ती करायचे. ज्याचं पोर वाचतं, तो पुढच्या उरुसाला त्याच जागी येतो. बोलावावं लागत नाही. चैत्र येऊ दे." मी विचारलं, "आणि न्हाई आली तर?" ते उठता उठता म्हणाले, "तर जे खरं आहे तेवढंच घेऊन उभं राहू."

ते वर्ष मी कळंब्याच्या तुरुंगात काढलं. चैत्र जवळ आला तसा माझा राग कुठं गेला कळलं नाही, नुसता थकवा उरला. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी एक शिपाई डोंगरावरून परस्पर कामावर आला होता. त्याच्या केसांत, कानामागं गुलाल होता. माझ्याकडे बघून त्यानं कानामागचा गुलाल बोटानं माझ्या कपाळाला लावला आणि पुढं गेला. मी खाली बसून लहान मुलासारखा रडलो. सोडव, असं मी म्हणालो नाही. दोर आता तुझ्या हातात आहे, एवढंच म्हणालो. त्या रात्री मला झोप लागली.

बायको भेटीला आली ती धापा टाकतच. मुजावर वकिलांच्या सांगण्यावरून यात्रेत ती सकाळपासून आमच्या सासनकाठीपाशी उभी होती. दुपार कलल्यावर निपाणीच्या पलीकडची एक बाई नारळ घेऊन काठीपाशी आली. कडेवरचं लेकरू आता तिचं बोट धरून चालत होतं. तिनं विचारलं, "गेल्या साली दोर धरल्यालं अण्णा कुटं हाईत?" माझ्या बायकोनं तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. ते ऐकून त्या बाईच्या घरचे म्हणाले, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, चल. ती म्हणाली, "नवस फेडाय आलाव न्हवं? अर्धा ठिवून कसं जायाचं?"

साक्षीच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली. तिनं सांगितलं की मागं दंगा उठला तेव्हाच कळक कलला, आणि ती दोरवाल्याचे हात बांधत असतानाच माणूस पडल्याचा ओरडा आला. सरकारी वकिलांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "तो हाच कशावरून? चेहरा ओळखता?" ती म्हणाली, "न्हाई जी. गुलालात समद्यांची तोंडं येकच. ह्येंचं हात दावा." न्यायाधीशांनी मला तळहात पुढं करायला सांगितलं. दोन्ही हातांवर आडवा, पांढरा पडलेला वण होता. तिनं वाकून बघितलं आणि हात जोडले. कोर्टाला नाही, माझ्या हातांना. "ह्योच त्यो अण्णा," ती म्हणाली. "मी बांदल्यात हे हात."

मी निर्दोष सुटलो. राऊला कुणी मारलं ते कधीच कळलं नाही. मुजावर वकिलांच्या पायाशी वाकलो तेव्हा त्यांनी मला वरच्या वर धरलं आणि आधी डोंगरावर जाऊन या म्हणाले. भाऊ मला घरी घेऊन आला. उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाला, "आला की रं साक्षीला."

पुढच्या चैत्रात मी राऊच्या धाकट्या भावाच्या, बाळूच्या दारात गेलो. पुढचा दोर त्याच्या ओट्यावर ठेवला आणि परत आलो. ज्या मानासाठी मी चावडी डोक्यावर घेतली होती, तो मला आता नको होता. त्यानं तो घेतला, पण माझ्याशी बोलला नाही. त्याचा माणूस गेला होता, मी काय बोलावं? यात्रेत मी मागचा दोर धरला. गर्दी रेटली आणि काठी हलली. तेव्हा समोरून, गुलालातून, बाळूचा आवाज आला, "धर रं, दादा! सोडू नगंस!"

मी दोर घट्ट धरला. देवानं मला का वाचवलं हे मला आजही ठाऊक नाही, आणि ते विचारणंही मी सोडून दिलं आहे. आपण आपला दोर धरावा, काठी त्याची आहे. जोतिबाच्या नावानं चांगभलं.